पानमळ्याच्या ताटीआड

प्रिय बाबा,

तुम्ही आता वाचायला नाही, तरी ही बातमी तुम्हाला सांगितल्यावाचून चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. तुमच्या सुमीला नागपूरच्या विद्यापीठात संशोधनाची जागा मिळाली! एवढं शिकून पुढे काय, असा घोर होता ना तुम्हाला? आता दोन वर्षं पानवेलीवरच्या मर रोगाचा शोध घ्यायचा, आणि वर त्याचा पगार! वनस्पतिशास्त्रात डॉक्टर झाले तरी अकोटातल्या आपल्या गल्लीतल्या बाया अजून मला नाडी दाखवायला येतात, ते वेगळंच.

अट एकच. मळ्यात जाऊन, स्वतः पाहून, उभ्या वेलीच्या मुळ्या आणि माती आणायची. प्रोफेसरांनी विचारलं, "मळा मिळेल?" मी ऐटीत म्हटलं, "घरचाच आहे." घरचा! आणि तोवर मी त्यात पाऊल टाकलेलं नव्हतं; बाई आत शिरली की वेलीला मर लागते, असं सारं गाव मानतं.

आठवतं? मी मळ्याभोवतीच्या ताटीबाहेर परकर सावरत उभी, आणि तुम्ही आतून एकेक पान आणून माझ्या हातावर ठेवायचे. हे काळं काहून पडलं? हे पिवळं काहून? तुम्ही सगळी उत्तरं द्यायचे, येत नसलं तर रचून द्यायचे! मी आत काहून नाई येऊ, एवढं विचारलं की मात्र म्हणायचे, "वेल लाजते, बाई."

बाबा, मी तिला सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलीय. अजिबात लाजत नाही हो! तुम्हाला ते खरंच वाटायचं, की मला नुसतं गप्प करायचं होतं? याचा मला अजून राग येतो.

काल दादाला सगळं सांगितलं. तो सुपारी कातरत म्हणाला,

"मुळ्या मी आणून देतो ना. तू कायले अंदर जातं?"

"पाणी कुठून येतं, कोणती वेल आधी मान टाकते, हे मलाच पाहायला पाहिजे, दादा."

"यंदा मर लागली तं सारं गाव तुयंच नाव घेईन."

"आणि नाही लागली तर?"

"तं कोणी नाई घेनार," म्हणाला आणि स्वतःच हसला.

मर येते तरी कशी, बाबा? पाटाच्या पाण्यातून? रोपाबरोबर? चपला काढून, पाय धुवूनच आत जायची आपली रीत. ती नुसतं सोवळं म्हणून पडली, की रोग मातीबरोबर पायाला चिकटून येतो हे कधीकाळी कुणाच्या ध्यानात आलं होतं? तुम्हाला कुणी सांगितली होती ती?

आज सकाळी दादा ताटीपाशी थांबला. स्वतःचे पाय धुतले आणि तांब्या माझ्या हातात दिला.

आत गार, हिरवा अंधार. तुमच्या धोतराला यायचा तोच तिखट वास. मी थोडी रडले, मग मुळ्या खणायला बसले.

शब्द देते बाबा. रोग पाण्यातून येत असेल तर तसं लिहीन, पायांवाटे येत असेल तर तसं. आणि माझ्याच पायांवाटे आला, तर तेही न लाजता लिहीन.

तुमची,
आता ताटीच्या आतली,
सुमी