वाकड्या रेघेचं बटण

३ मार्च, मंगळवार

हजारात चार! हात थरथरला तरी रेघ सरळ येईल, अशी सोय आमच्या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे — आणि ती वापरतात हजारात चौघं. दोन वर्षं खपले मी त्यासाठी. बॉस म्हणाला, "कुणी वापरत नाही म्हणजे कुणाला नकोय. काढून टाकू." नकोय कसं? सापडतच नाही! मेन्यूत मेन्यू, त्यात 'प्रगत' — तिथे कोण मरायला जाणार?

५ मार्च

भांडले. शेवटची संधी मिळाली. बटण बाहेर, डावीकडच्या पट्टीत आणायचं. पाच नवख्या माणसांना कुणी न सांगता, तीन मिनिटांत सापडलं तर राहील. एकाला जरी नाही सापडलं, तर गेलं.

९ मार्च

बटण तयार. पट्टीत अगदी खाली. इवलीशी वाकडी रेघ, दाबली की सरळ होते. बॉसला वर पिवळी पाटी हवी होती — "हे वापरून बघा!" मी ठाम नाही म्हटलं. लोकांच्या नाकासमोर पाट्या नाचवायच्या नाहीत. वस्तू हाताशी ठेवली की माणूस आपसूक उचलतो. (फार शहाणी मी!)

१० मार्च

एक शिक्षिका, एक शिंपी, कॉलेजातल्या दोन मुली. मी टेबलाच्या कडेला वही घेऊन. हूं की चूं करायचं नाही, हा नियम. शिंपी अडीच मिनिटं नुसते रंगांचे चौकोन दाबत बसला — माझा जीव टांगणीला! शेवटी गेला एकदाचा पट्टीच्या तळाशी.

चौघांनाही सापडलं!! पाचवी बाई आलीच नाही.

११ मार्च

पाचवा माणूस म्हणून मामाला बोलावलंय. तीस वर्षं त्याने दुकानांच्या पाट्या रंगवल्या, आता चहाचा कप धरला तरी बशीत सांडतो. बॉस म्हणाला, "मामा तर मामा. पण तुझ्या तोंडातून शब्द निघता कामा नये." नाही निघणार.

१२ मार्च

मामाला एक मिनिट दहा सेकंद! सगळ्यांत कमी! मग त्याने एकच मोठं अक्षर काढलं, एका दमात, आणि बघत बसला. "अगं, असा हात पंधरा वर्षांपूर्वी होता माझा." मला रडूच आलं. वहीत तोंड खुपसलं.

१३ मार्च

नवी आवृत्ती लोकांकडे गेली. "पाचपैकी पाच!" बॉस सगळ्यांना सांगत सुटलाय. मीसुद्धा.

१५ मार्च, रविवार

मामाकडे जेवायला गेले होते. सहज विचारलं, इतकं पटकन कसं सापडलं तुला?

"तुझ्याकडे बघून. सारखी डावीकडे खाली नजर जात होती तुझी. म्हटलं, पोरीचं काहीतरी आहे तिथं."

उरलेल्या चौघांच्या शेजारीही मीच बसले होते. उद्या बॉसला सांगावं लागेल.