न कापलेला बकरा

प्रिय मास्तर,

पाकिटावरचा सरकारी शिक्का बघून उठून उभा राहू नकोस, तुझ्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. पहिला नमस्कार त्या गुडघ्यांनाच. दुसरा तुला. वहिनींना साष्टांग (त्यांचं नाव खरं तर आधी यायला हवं होतं, पण माझ्या वाक्यांचा क्रम लावायचं काम जन्मभर तूच केलंस). खोकला कसा आहे? निवृत्त झाल्यापासून ओरडायला कोणी उरलं नसेल, म्हणजे घशाला आराम असणार. माझी तब्येत उत्तम आहे. इतकी उत्तम की कोणी विचारतच नाही, सगळे परस्पर सांगून टाकतात, "साहेब, आज अगदी फ्रेश दिसताय." परवा अंगात ताप होता, तेव्हाही मी फ्रेशच दिसत होतो.

सरकारी बंगला मोठा आहे. सौ. आठवडाभर राहिली आणि आमच्या जुन्या दोन खोल्यांत परत गेली. तिचं म्हणणं, इथे स्वयंपाकघरातून मारलेला टोमणा दिवाणखान्यात पोचेपर्यंत थंड होतो, मग संसार करायचा कसा? रविवारी मी तिच्याकडे जातो. पण मागेपुढे गाड्या असतात, शेजारी खिडक्या लावून घेतात, आणि ती म्हणते, तुम्ही आपला फोनच करत जा. त्यामुळे मी एकटा जेवतो, ज्यावर आपली अख्खी संपादकीय बैठक मावली असती अशा टेबलावर. पाणी वाढणारा माणूस माझ्या पाठीशी उभा असतो. त्याला बस म्हटलं की तो आणखी ताठ उभा राहतो.

आता मुद्द्यावर येतो (तू असतास तर वरचा मजकूर एव्हाना केराच्या टोपलीत असता). आपला बकरा आठवतो? मी बातमीदार, तू समोरच्या टेबलावरचा मुख्य उपसंपादक, चुका काढतोस म्हणून सगळ्यांचा मास्तर, आणि काहीतरी कापल्याशिवाय तुझ्या हाताला चैन पडत नसे. म्हणून मी प्रत्येक बातमीत एक वाक्य मुद्दाम भयंकर लिहायचो. तू लाल पेन्सिल घेऊन त्या बकऱ्यावर तुटून पडायचास आणि त्या धांदलीत माझी बाकीची बातमी सुखरूप छापखान्यात पोचायची. तुला हे माहीत होतं. तुला माहीत आहे हे मलाही माहीत होतं. तरी तू रोज "हे काय लिहिलंयस, गाढवा?" म्हणून सगळं ऑफिस गोळा करायचास, आणि मी रोज ओशाळल्यासारखं करायचो.

पुढे बातमीदारी सोडून राजकारणात शिरलो, मंत्री झालो, वजन-मापांचं खातं पदरात पडलं (चांगली खाती माझ्याआधी पक्ष बदलून आलेल्यांना), आणि पहिलं भाषण लिहायला बसलो. हाताला सवय लागलेली. अर्ध्यावर आलो आणि बकरा आपोआप कागदावर उतरला: 'यापुढे प्रत्येक दुकानदाराने किलोमागे एक मूठ माल वर टाकणं सक्तीचं राहील.' लिहिलं आणि निवांत झालो, आता हे कोणीतरी कापेलच. सचिवांनी वाचलं, म्हणाले, वा! उपसचिवही वा म्हणाले, पण जरा हळू (सचिवांपेक्षा मोठ्याने म्हणता येत नाही). टंकलेखन करणाऱ्या बाईंनी ते वाक्य तेवढं ठळक केलं. म्हटलं, निदान पेपरात तरी कापतील. पण तुझ्या खुर्चीवर बसलेला नवा माणूस मंत्र्यांचं पत्रक जसंच्या तसं लावतो, अगदी 'उपस्थितांचे आभार' सकट.

मग प्रश्न निघाला, मूठ कोणाची? दुकानदार म्हणाले, आमच्या धाकट्या सुनेची धरा. ग्राहक एक पैलवान घेऊन आले. समिती बसली, जेवली आणि मूठ मंत्र्यांची असं ठरवून उठली. अधिकाऱ्यांनी येऊन माझ्या मुठीत धान्य भरलं, ते काट्यावर ओतलं, तिघांनी तीन आकडे लिहिले आणि शेवटी मुठीचा प्लास्टरचा साचाच काढला. आता खात्याच्या दारात काचेच्या पेटीत माझी मूठ आहे, खाली पाटी: 'प्रमाण मूठ'. येणारे-जाणारे आपली मूठ शेजारी धरून बघतात आणि बहुतेक जण समाधानाने पुढे जातात. मोठ्या साहेबांना, म्हणजे पंतप्रधानांना, योजना भारी आवडली. येत्या सोमवारी सभागृहात कायदा मांडायचा आहे. छोटे दुकानदार यात बुडणार, हे मला दिसतंय रे. सौ.च्या घराखालचा किराणावाला मला बघून शटर ओढतो, आणि त्याचं बरोबर आहे. मी सचिवांना स्पष्ट सांगितलं, हा शुद्ध मूर्खपणा आहे. ते म्हणाले, "हाच तर साहेबांचा विनय!"

हसलास ना? मला एकट्याला धड हसता येत नाही. पाणी वाढणारा हसतो, पण मी सुरुवात केल्यावर, आणि मी थांबलो की तोही थांबतो. खरं सांगतो, मला इथे फार एकटं वाटतं.

तू मध्यंतरी येऊन गेलास, हे मला काल कळलं. फाटकावरच्या पहारेकऱ्याने काम विचारलं आणि तू म्हणालास, काही नाही, सहज. इथे सहज कोणी येत नाही, त्यामुळे तो गोंधळला आणि त्याने तुला परत पाठवलं. मला छाती फुगवून सांगत होता, "एक म्हातारा बिनकामाचा आत येत होता साहेब, घालवला." मला त्याच्यावर चिडताही आलं नाही. इतक्या दिवसांत बिनकामाचा आलेला तू एकटाच, आणि तेवढा एकच माणूस माझ्या पहाऱ्याने अडवला. तू रागावला असशील. जरूर रागाव, पण इथे समोर बसून रागाव.

तुझाच,
समोरच्या टेबलावरचा

ता. क. सभागृहातलं भाषण सोबत जोडलंय, बकरा त्यातही आहे. सोमवारच्या आत लाल पेन्सिलने कापून पाठव. सगळं कापलंस तरी हरकत नाही. मंत्रिपद गेलं तर गेलं.

ता. क. (दुसरा) वरचा ता. क. वाचू नकोस. पत्र खिशातच राहिलं. टाकायला कोणाकडे द्यावं तर तो आधी वाचून वा म्हणेल, ही धास्ती. तेवढ्यात सोमवार झाला. त्या वाक्यापाशी मी मुद्दाम थांबलो, पाणी प्यालो, चष्मा पुसला, कोणीतरी काही बोलेल म्हणून वाट बघितली. टाळ्या पडल्या. विरोधकांनी दीड मूठ मागितली. कायदा एकमताने मंजूर झाला.

ता. क. (तिसरा) तेव्हा कापण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तरी ये. चहा घेऊ. मी नेहमीसारखं काहीतरी मूर्खासारखं बोलेन, तू मला गप्प बस म्हण. असं मला कोणी म्हणून फार दिवस झाले.