अब्दीचं गाव कुठल्या देशात

३ ऑगस्ट २०२२, बुधवार
स्टेडियमच्या गेटवरचा आमच्या सिक्युरिटी कंपनीचा सुपरवायझर अब्दी. त्याचा वर्ल्डकपचा पास रिजेक्ट! शेरा: पासपोर्टशी जुळत नाही, खोटी माहिती. लगेच कामावरून काढून कामगारांच्या कॅम्पात बसवलं, १२ तारखेचं परतीचं तिकीट. सहा वर्षं इमानेइतबारे उभा राहिलेला माणूस. वर्ल्डकप तोंडावर आला म्हणून कुणाला विचारायलाही वेळ नाही.

४ ऑगस्ट
त्याचा हाताने भरलेला फॉर्म काढला. जन्मगाव बूर-आद, देश केनिया. स्वच्छ लिहिलंय. कॉम्प्युटरवर चढवताना मीच सोमालिया टाकलं. सोमाली बोलतो म्हणजे सोमालियाचा! आणि हे करावं कुणी? निपाणीच्या बाईने. "मराठी ना, मग कर्नाटक कसं?" ऐकून जन्मभर चिडत आले. थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

७, रविवार
माझी चूक पास ऑफिसला कळवते म्हटलं. मॅनेजर देसाईसर: "मंजू, नसती भानगड नको. गप्प बस. दुसरा सुपरवायझर मिळेल."
अब्दी माणूस आहे की बदलायची ट्यूबलाइट?
"पत्रबित्र लिहिलंस तर तुझी नोकरी मी वाचवणार नाही."
नवऱ्याचं, सतीशचं, मेसईदच्या कारखान्यातलं काम जूनमध्येच संपलं. लेकासकट आम्ही तिघं इथे आखातात आहोत ते माझ्या नोकरीवर. तो म्हणतो, "बघ बाई." बघ काय, बघ!

८
कॅम्पात गेले. अब्दीने पाठकोऱ्या कागदावर गाव काढलं. पांढरी टेकडी, खाली कोरडी नदी, पाऊस झालाच तर चार दिवस पाणी. सात विहिरी. सीमा पूर्वेला, उंटाने दोन दिवस. विहिरी पणज्याच्या आधीच्या, सीमा नंतरची. गोऱ्या साहेबांनी नकाशावर रेघ मारली, आजीचं माहेर पलीकडे गेलं.
"आम्ही सोमालीच, मॅडम. देश केनिया. दोन्ही खरं."
एवढं साधं. एकदा विचारलं असतं तर...

९
पत्र लिहिलं. गाव, नदी, विहिरी, रेघ, सगळं. शेवटी: चूक माझी, अब्दीची नाही. खाली सही. देसाईसरांना न दाखवता पास ऑफिसला धाडलं. भीती होती, पण राग जास्त.

११, गुरुवार
उत्तर नाही. तिकीट उद्याचं. फोन केला की "इन्शाल्ला, मॅडम." अहो, पण कधी?
अब्दीला पत्राची कॉपी नेऊन दिली. दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली.
"मुलांना दाखवतो. आमच्या गावाबद्दल इतकं कुणी लिहिलं नव्हतं. शुक्रन, मॅडम."
शुक्रन! आभार, आणि तेही माझे!
आत्ताच देसाईसरांचा मेसेज. पत्राचं कळलं. चार वाजता केबिनमध्ये ये. येते ना, येतेच.