तांदळाची पिशवी, मधोमध

शुक्रवार, १२ डिसेंबर. वडसा

रंजनाच्या गालाला तीन टाके पडले. डोळा बोटभर अंतरानं वाचला. बायकोचा डोळा जाता जाता राहिला आणि मी इथे लिहीत काय बसलोय?

घरी बांधलेल्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशीनवर नाटक मंडळीच्या सिंहासनाची सागवानी पाठ कोरत होतो. मधोमध लाकडाची गाठ आली. कटर ज्या दोन गोल दांड्यांवर सरकतो त्या वाकल्या, कटर लाकडात घुसला, किंचाळला आणि तुटला. तुकडा सरळ तिच्या तोंडावर.

कटरला किती जोर लागतो ते मी मोजलं होतं! पण नरम प्लायवर. त्या जोराच्या दुप्पट वजनाची तांदळाची पिशवी दांडीला लटकवली, तर दांडी किती वाकते ते दाखवणाऱ्या डायल गेजचा काटा हललासुद्धा नाही. हलेल कसा? पिशवी कडेला होती, दांडी जिथे पक्की आवळलेली आहे तिथे. तेव्हाच ती म्हणाली होती, "मधात लटकवा ना, कडेले काऊन लटकवून राह्यले?" मी खेकसलो, "तुले काय समजते यातलं?"

दवाखान्यातून आल्याआल्या मी हातोडा उचलला. मशीनचा चुराच करणार होतो. ती म्हणाली, "थांबा. आधी पिशवी मधात लटकवा."

लटकवली. तीच पिशवी. काटा गरकन फिरला.

तिनं माझ्या हातातला हातोडा हिसकला आणि दांड्यांवर घाव घालत सुटली. गालावरची पट्टी लाल झाली तरी थांबेना. पहिला घाव माझ्यावर येईल असं वाटलं होतं. यायलाच पाहिजे होता.