पडद्याच्या मागच्या बाजूला

२ मार्च, रविवार
वेनच्या आजीनं पुढच्या रविवारी जेवायला बोलावलंय. राहते इथंच कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये, आणि बोलावणं दोन वर्षांत पहिलं! आमचं लग्न ऑगस्टमध्ये ठरलंय. त्याचे आईवडील राजी आहेत. आजीनं मात्र सांगून ठेवलंय, "लग्नाला मी येणार नाही." आणि ती नसेल तर वेनचा पाय मांडवात पडणार नाही. त्याला तिनंच वाढवलंय.

एक धागा मिळाला. आजी तरुणपणी चीनमध्ये गावोगाव सिनेमे दाखवत फिरायची. म्हणजे विषय ठरला — चिनी सिनेमाचा इतिहास. अभ्यासाला आपण कधी भ्यालो नाही.

५ मार्च, बुधवार
१९०५ — बीजिंग, पहिला सिनेमा, त्यांच्या संगीत नाटकातले प्रवेश. (आपल्यासारखेच नाटकवेडे.) पुढे शांघाय, मूकपट, तलवारबाजीची लाट — सरकारची बंदी! १९८० नंतर दिग्दर्शकांची पाचवी पिढी. दोन हायलायटर संपले. ज्ञानदा, माझी रूममेट, दारातून म्हणाली, "यार, व्हायव्हा आहे का?"

आहेच.

७ मार्च
ऑफिसात मॅनेजरनं मीटिंगमध्ये सॉफ्टवेअरच्या रिलीजची तारीख विचारली. मी म्हणाले, १९०५.

९ मार्च, रविवार
नाक कापलं गेलं. बसल्या बसल्याच सुरू केलं मी. १९०५ ते पाचवी पिढी, कुठंही न अडखळता. वेन भाषांतर करून दमला. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "यातले पाहिलेस कुठले?"

एकही नाही. गाइड पाठ, पुस्तक कोरं — बारावीपासूनची सवय. सिनेमा बघायचाही असतो हे डोक्यातच आलं नाही. आजी पुढं काहीतरी पुटपुटली, ते वेननं मला सांगितलं नाही. रडूच येत होतं.

काहीतरी बोलायचं म्हणून कराडचं सांगितलं. गणपतीत गल्लीच्या मधोमध पडदा बांधायचे. मोठी माणसं पुढं, आम्ही पोरं मागं. मागून सगळं उलटं दिसायचं. कितीतरी वर्षं मला सगळे हिरो डावखुरे वाटायचे.

वेननं सांगितलं आणि आजीच्या चॉपस्टिक्स थांबल्या. मग जी हसली, डोळे पुसेपर्यंत! तिच्याकडेही अर्धं गाव पडद्यामागं बसायचं. शिपाई डाव्या हातानं सलाम ठोकायचे म्हणे. मग बोलतच राहिली. यंत्र खांद्यावरून डोंगरावर न्यायचं. वीज नसेल तिथं पायानं पेडल मारायचं. वारा सुटला की पडदा हातांनी ताणून धरायचा, सिनेमा संपेपर्यंत. जेवण गार झालं. मला ती फार आवडली.

निघताना डंपलिंगचा डबा दिला. लग्नाबद्दल मात्र एक अक्षर नाही.

११ मार्च
डबा रिकामा कसा परत द्यायचा? शंकरपाळे करून भरले. थोडे करपलेत. वेन डबा पोचवणार आहे. आजीला माझ्या बहिणीच्या, अदितीताईच्या, लग्नाचा व्हिडिओ दाखवतो म्हणाला. मी म्हटलं, कशाला जखमेवर मीठ?

१६ मार्च, रविवार
वेनचा फोन. आजीनं व्हिडिओ दोनदा पाहिला. दोन्ही वेळा अंतरपाटाशी थांबवला. म्हणाली, "या लोकांना पडदा धरता येत नाही. मधे झोळ पडलाय. तुमचा मी धरणार."