शेवटच्या कडव्यातलं नाव

पुणे

रुपाली,

जय भीम. मी बरा आहो, वेळेवर जेवतो, आईले सांग. तिचे गुडघे कसे आहेत?

जयंतीच्या मिरवणुकीत तुझं गाणं बाभुळगावभर गाजलं म्हणे. शेवटच्या कडव्यात तुझं नाव येते, अन् बाया तेच सगळ्यात जोरात म्हणतात, असं आई फोनवर दोनदा बोलली. खरं सांगतो, जीव जळला.

इथं एका कविसंमेलनात मी माझी कविता वाचली. तिच्यातला माणूस दारात उभा राहून आत जाऊ का परत फिरू, एवढंच स्वतःले विचारत राह्यते. "मग गेला का तो आत?" एकानं विचारलं. मी कागद घडी करून खिशात टाकला.

तू एवढी बिनधास्त कशी गाते वं? तुलेबी भेव वाटते, असं एकदा लिहून पाठव. खोटं असलं तरी चालते.

तुझा दादा,
संघदीप