मिटल्या डोळ्यांचे बहुमत

मी, फागी, मयत लाडक्याची विधवा, वय अंदाजे चव्वेचाळीस (जन्माची नोंद कोणी ठेवली नाही, मिशनच्या बोर्डिंगात दात बघून वय लिहिले), धर्माने ख्रिस्ती, राहणार मौजे जामसर, संस्थान जव्हार, हे मृत्युपत्र आज आपल्या हाताने लिहिते. खोकला छातीत आहे, डोक्यात नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, भरीस पाडलेले नाही, आणि दारू मी जन्मात चाखलेली नाही. तेव्हा पुढे जे कडू लागेल ते माझे स्वतःचे समजावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आपल्यापाशी वाटून द्यावे असे काही आहे, हेच उशिरा ध्यानात आले.

कलम पहिले. टेकाडावरचे माझे कुडाचे घर, कौले मिशनने दिलेली, बाकी सगळे लाडक्याच्या हातचे, माझी मुलगी हिरी हिला द्यावे. हिरी सध्या साखरशेतला सासरी आहे. ती सहा वर्षांची असताना तापाने फणफणली होती. मी जव्हारच्या दवाखान्यातून औषध आणून पाजले, गुडघे टेकून प्रार्थना केली, आणि लाडक्याने मला न विचारता भगताकडे बळीचा कोंबडा नेला. पोर वाचली. कशाने वाचली ते मला ठाऊक नाही. प्रभूचे आभार मी मानले, लाडक्यानेही मानले. पण पुढचे सगळे त्या कोंबड्यावरून झाले, म्हणून ही हकीकत इथे घालते. तुझ्यापायी बापाला ख्रिस्ती मंडळीने टाकले, असे जो हिरीला बोलेल त्याला या घराचा उंबरा ओलांडू देऊ नये.

कलम दुसरे. पैसे थोडे आहेत. कुठे आहेत ते हिरीला सांगितले आहे. इथे लिहिले तर तिच्या आधी दुसऱ्यालाच सापडायचे.

कलम तिसरे. माझे शास्त्र, म्हणजे बायबल, हिरीला द्यावे. तिला वाचायचे नसले तर नसो, पण तिने ते दुसऱ्याला देऊ नये, कारण त्यातल्या कित्येक पानांवर लाडक्याच्या बोटांचे डाग आहेत. मी दुष्काळातली पोर. मिशनने उचलून नाशिककडच्या बोर्डिंगात वाढवले, आणि मोठी झाल्यावर बायकांत वचन सांगायला याच मुलखात परत पाठवले. बोर्डिंगात मिस साहेबांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली होती, की देवाच्या घरात राजा आणि रयत नसते, माणूस एक तर हात एक. इथे महाराजांचा पोरगा महाराज, पाटलाचा पोरगा पाटील, भगताचासुद्धा पोरगाच भगत. जामसरात मंडळी उभी राहिली तेव्हा पहिल्यांदा हात वर करून वडीलधारे निवडले. त्या दिवशी लाडक्या नुसता गंमत बघायला दारात उभा होता. परतताना माझ्या मागे मागे आला आणि म्हणाला, "मोजताना माझा बी एक धरतील काय?" मी म्हटले, धरतील. "आन् पाटील आला तं त्याचा?" त्याचाही एकच, मी म्हटले. महिन्याभरात त्याने बाप्तिस्मा घेतला.

वेठीला नेताना आमच्या लोकांचे हात पुष्कळदा मोजले गेले होते. विचारून कोणी मोजले नव्हते. माणसे पापाच्या ओझ्याने प्रभूकडे येतात असे मी बायकांना शिकवत आले. माझा नवरा त्या एका मोजणीमुळे आला, आणि माझ्या गळ्यात माळ घातली ती त्यानंतर. पुढे सावळा मास्तर आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, झाले आणि त्यांनी नवी रीत घातली. कोणताही निर्णय प्रार्थनेत, डोळे मिटून करायचा, म्हणजे शेजाऱ्याची भीड पडत नाही, आणि वर केलेला हात देवालाच दिसतो. डोळे उघडे फक्त मोजणाऱ्याचे. मला ती रीत फार चांगली वाटली होती.

कलम चौथे. मंडळीला माझ्याकडून काही नाही. का नाही, ते लिहून ठेवते.

कोंबड्याची गोष्ट बाहेर फुटली. लाडक्याने ती नाकारली नाही. पोर माझी होती, भ्यालो, असे म्हणाला. पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर मास्तरांनी सगळ्यांना गुडघ्यांवर घेतले, प्रार्थना सुरू केली, आणि मध्येच म्हणाले, की लाडक्याला मंडळीबाहेर काढावे असे देव ज्यांना सांगतो त्यांनी हात वर करावा. मी मागे भिंतीपाशी होते. माझ्या नवऱ्याचा निकाल होता, कोणती बाई डोळे मिटून राहील? मी पाहिले. माणसे वीसेक आणि हात चार. मास्तरांनी आमेन म्हटले, सगळ्यांनी डोळे उघडले, आणि मास्तर म्हणाले, बहुमताने ठरले.

मी उभी राहिले आणि म्हणाले, हात चारच होते. मंडळीने निवडलेल्या वडीलधाऱ्यांतला पोश्या, तसा भला माणूस, त्याने मान वळवून विचारले, "पन तुला कसा दिसला?" मी खरे तेच सांगितले. झाले. तिथून लाडक्याचा खटला बाजूला राहिला आणि प्रार्थनेत डोळे उघडल्याचा माझा सुरू झाला. सहा महिने मला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, बंद. न पाहता साक्ष देता येत नाही, आणि पाहिले म्हणून साक्ष चालत नाही. हा पेच मला आजवर शास्त्रातून सुटलेला नाही.

घरी आल्यावर लाडक्याने एवढेच विचारले, की खरोखर चारच का? मी म्हटले, चार. कोणाचे ते त्याने विचारले नाही, मी सांगितले नाही, इथेही सांगत नाही. मला वाटले होते, ऐकून त्याला धीर येईल. तसे झाले नाही. बाकीच्यांना तो नकोसा नव्हता आणि तरी त्यांच्यातला एकही त्याच्यासाठी तोंड उघडेना, हे त्याला आतून खात गेले. चौघांचा राग त्याने सोसला असता. आमच्या भाताच्या लावणीला कोणी येईना, सणाला कोणी बोलवीना. दोन वर्षांनी तो गेला. मंडळीच्या दफनभूमीत जागा नाही असे मास्तरांनी कळवले. त्याच्या जातवाल्यांना विचारले, तर ते म्हणाले, तो आमच्यातून गेला तेव्हा विचारून गेला नव्हता. शेवटी मी, हिरी आणि दीर सुकऱ्या, आम्ही त्याला दफनभूमीच्या निवडुंगाच्या कुंपणाबाहेर उतारावर पुरले. पावसात तिथली माती दर वर्षी खाली जाते. दर वर्षी मी पाटीने वर आणून घालते.

एवढ्यावर देवावरचा विश्वास गेला का, असे कोणी विचारील. गेला नाही. गेला असता तर सोपे झाले असते. मी अजून दर रविवारी त्या भिंतीपाशी बसते आणि माझी प्रार्थना छताच्या वर जात नाही.

कलम पाचवे. लाडक्याची कुऱ्हाड, कोयता आणि कुदळ सुकऱ्याला द्यावी. सुकऱ्याही आमच्या मंडळीतलाच, पुढे घरजावई होऊन मोखाड्याकडे गेला. तो मुलूख इंग्रजांचा, तिथे सासऱ्याची जमीन याच्या नावावर झाली, आणि त्यामुळे गेल्या महिन्यात तिकडे निवडणूक झाली तिच्यात याला मत होते. आमच्या सगळ्या गोतात सरकारदरबारी मत असलेला हा पहिला माणूस. तो सावळा मास्तरांना विचारायला आला. मास्तरांनी सांगितले, राजे बसवणारा आणि उठवणारा देव आहे, विश्वासणाऱ्याने जगाच्या त्या भानगडीत पडू नये. मग तो माझ्याकडे आला. मी त्याला खोदून खोदून विचारले, की तिथे मोजतात कसे. तो म्हणाला, कागद पेटीत टाकायचा, आणि पेटी दोन्हीकडच्या माणसांसमोर उघडायची. सगळ्यांचे डोळे उघडे असतात का, मी विचारले. तो हसला. मी म्हटले, असे असेल तर तू जा, ते देवाचे नसले तरी जा.

तो गेला नाही. मास्तरांचे ऐकून राहिला असता तर मी भांडले असते. पण तो म्हणाला, "वहिनी, मी हात खाली ठेवला व्हता, त्यानं माझा भाऊ नाय वाचला. आता या लोकांसाठी कशाला जाऊ?" मत हे काय असते ते त्याला देवाच्या घरातच शिकवले होते, आणि तो धडा त्याने पक्का केला. कुदळीचा दांडा सैल आहे, तो बदलून घ्यावा.

कलम सहावे. सावळा मास्तरांना माझी बसायची चटई द्यावी आणि ती मागच्या भिंतीपाशी घालावी. तिथून सगळे हात नीट दिसतात. मास्तर वाईट माणूस आहेत असे माझे म्हणणे नाही. पटकीच्या साथीत ते घरोघर फिरले, आम्ही दार लावून बसलो होतो तेव्हा. लाडक्या गेल्यावर मी त्यांच्या ओसरीवर जाऊन विचारले, हात किती होते ते मला एकटीला तरी सांगा. त्यांनी चिडून नाही, अगदी शांतपणे सांगितले, "फागीबाई, हात कमी होते. पण देवाची इच्छा काय ती मला स्पष्ट होती. कच्च्या मंडळीचे हात मोजून मी देवाला हरवू का?" माणूस खोटे बोलला तर त्याला कधीतरी पस्तावा होतो. यांना कधीच होणार नाही. त्यांना रात्री झोप लागते, हे त्यांच्या बायकोनेच मला सांगितले आहे.

कलम सातवे. माझे शरीर. मी मेले की मंडळी मला कुंपणाच्या आत नेईल. माझी शिक्षा भोगून झाली आहे, मी जुनी सेविका आहे, गाणी म्हणतील, मास्तर चांगले बोलतील. ते मला नको. मला बाहेर, उतारावर, लाडक्याच्या डाव्या अंगाला पुरावे. हिरी पोरवयाची आहे, सासरची आहे, तिचे कोणी ऐकणार नाही. म्हणून एवढा एक हुकूम पुरा व्हावा यासाठी हे मृत्युपत्र आहे. घर, कोयता, चटई हे बाकीचे सगळे त्याच्या सोबतीला लिहिले.

पुरवणी. वरील मजकूर आज दुपारी ओसरीवर दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला. बाळ्या माझा शेजारी, तो आपल्या जुन्या देवांचा. गोमा मंडळीचा, लाडक्याबरोबर जन्मभर लाकडे तोडलेला. कोणीतरी मंडळीतला माणूस साक्षीला असावा म्हणून त्याला बोलावले. चौथे कलम ऐकताना तो मान खाली घालून होता. वाचून झाले. मग म्हणाला, "बाय, मी हात नव्हता वर केला. माना वाटला, मी एकलाच हाय."

मी विचारले, मी उभी राहून सांगितले तेव्हा तरी कळले ना? "तवा कळला. पन बोललो असतो तं माझा हात खाली व्हता ते सगल्यांना कळला असता." मी म्हटले, आता मंडळीत उठून सांगशील? लाडक्यासाठी नाही, तो गेला. मला त्याच्या शेजारी ठेवतील म्हणून. तो म्हणाला, प्रार्थनेत ठरलेले मोडायचे कसे, आणि दोन पोरी लग्नाच्या आहेत.

त्याचे हे बोलणे मी इथे उतरवले आणि त्यालाच पुन्हा वाचून दाखवले. "तेवढा काढ, मंग आंगठा देतो," तो म्हणाला. मी काढले नाही. बाळ्या मला कानाशी म्हणाला, त्याला अक्षर कळत नाही, राहू दे लिहिलेले आणि वाचून दाखव दुसरेच. बाळ्याचा हेतू चांगला होता. पण ज्याने वर केला नाही त्याचा हात मोजलेला मी एकदा पाहिला आहे. मी गोमाला खरे सांगितले, की लिहिलेले आहे आणि राहणार आहे. तो उठला, पागोटे नीट केले आणि उतरून गेला.

कायद्याला दोन साक्षी लागतात हे मला ठाऊक आहे. एका साक्षीचा हा कागद कोणी मानणार नाही, आणि मंडळी मला मानाने कुंपणाच्या आत नेईल. बाळ्या वाडीतून दुसऱ्या कोणाला हाक मारतो म्हणाला. मी नको म्हटले. त्या दिवशी हात खाली ठेवला तो गोमाने; त्याच्या जागी दुसऱ्याचा अंगठा मोजला तर मास्तरांच्यात आणि माझ्यात फरक काय?

ठिकाण: मौजे जामसर, संस्थान जव्हार.
तारीख: १६ मार्च १९३७.

सही: फागी लाडक्या, स्वहस्ते.

साक्षीदार पहिला: बाळ्या, राहणार जामसर, धंदा मजुरी. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार दुसरा: गोमा, राहणार जामसर, मंडळीचा सभासद. निशाणी
(ही जागा त्याचीच आहे. इथे दुसऱ्या कोणाचा अंगठा घेऊ नये.)